गेट उघडे आहे, पण आत कोण आहे?

आंबेडकरी चळवळीतल्या माणसाने खेळाविषयी बोलायला सुरुवात केली की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली म्हणजे, "इथे अत्याचाराच्या बातम्या थांबत नाहीत, वर्ष संपले तरी शिष्यवृत्ती खात्यावर येत नाही, आणि तुम्हाला खेळ सुचतो?" दुसरी म्हणजे, "क्रिकेट, कबड्डी ठीक आहे हो, पण गोल्फ? तो साहेब लोकांचा खेळ. आपला काय संबंध?"

पहिल्या प्रतिक्रियेत तळमळ आहे, तिचा आम्ही आदर करतो. दुसरीत सवय आहे, आणि ही सवय आपल्याला कोणी लावली हा खरा प्रश्न आहे. 'तुमचा काय संबंध' हे वाक्य आपल्या आजा-पणज्यांनी पाण्याच्या बाबतीत ऐकले, शाळेच्या बाबतीत ऐकले, देवळाच्या, रस्त्याच्या, बैलगाडीच्या बाबतीत ऐकले. ज्या ज्या ठिकाणी त्यांनी ते मान्य केले नाही, त्या त्या ठिकाणी आज आपण उभे आहोत. मग मैदानाच्या बाबतीत तेच वाक्य आपण आपल्याच तोंडाने का म्हणावे?

आम्ही म्हणजे नवी मुंबईतील आठ-दहा तरुण-तरुणींचा एक वाचन गट. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात आम्ही अधूनमधून रविवारी जमतो. आमच्यात नर्सिंग शिकणारी मुलगी आहे, एमआयडीसीत शिफ्ट करणारा आहे, घरोघरी पार्सल पोचवणारा आहे, एमपीएससीच्या तिसऱ्या प्रयत्नाला बसलेला आहे आणि बारावीतली दोन पोरे आहेत. गटाला नाव नाही, बॅनर नाही. गेल्या काही महिन्यांत या गटाने दोन गोष्टी केल्या. खारघरचे गोल्फ कोर्स पाहून आलो आणि आमच्या भागातल्या एका मैदानावर 'डिस्क गोल्फ' नावाचा खेळ मांडला. त्यातून जे समजले ते इथे लिहीत आहोत.

आधी जमिनीबद्दल बोलू. कारण मैदान म्हणजे आधी जमीन, मग खेळ.

नवी मुंबई रिकाम्या जागेवर उभी राहिलेली नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडीतली मासेमारी आटली. आगरी, कोळी, कराडी समाजाच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. ही शहराची एक बाजू.

दुसरी बाजू तुर्भे-पावण्याकडच्या डोंगराची. शहराच्या इमारतींना लागलेली खडी या डोंगरातल्या दगडखाणींनी पुरवली. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली कुटुंबे त्या खाणींवर आली. त्यात आपली माणसे होती, वडार होते, बंजारा होते. बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडून शहराकडे चला असे सांगितले, कारण शहरात माणसाला आडनावाच्या आधी काम विचारतात अशी आशा होती. आमच्या आजोबांनी ते ऐकले. पण ज्या शहरासाठी त्यांनी दगड फोडले, त्या शहराच्या नकाशात त्यांची वस्ती 'अतिक्रमण' म्हणून रंगवली गेली. सेक्टर, नोड, उद्यान, मैदान, स्टेशनसमोरचा चौक हे सगळे नकाशावर होते. झोपडपट्टी नकाशाबाहेर होती. आणि जे नकाशाबाहेर असते त्याला मैदान मंजूर होत नाही.

या शहरात सिडकोने खारघरला गोल्फ कोर्स बांधले. पांडवकड्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कला लागून, सुमारे १०० हेक्टरवर. म्हणजे अडीचशे एकरांच्या आसपास. आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून आपल्या ओळखीच्या मोजपट्टीने मोजू. सहा डिसेंबरला आपण ज्या शिवाजी पार्कवर जातो, ते मैदान साधारण २८ एकरांचे आहे. लाखो माणसे तिथे येतात, पुस्तके विकत घेतात, जेवतात, रात्र काढतात. तशी आठ-नऊ मैदाने या एका गोल्फ कोर्सच्या क्षेत्रात बसतील. आणि एका वेळी खेळतात किती जण? गोल्फमध्ये चार-चार जणांचे गट एकामागून एक सोडतात. पूर्ण १८ होलची फेरी चार तासांची असते.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी आम्ही तिथे गेलो. हार्बर लाइनने खारघर, तिथून बस, पुढे पायी. डोंगर अजून हिरवे होते. गोल्फचे गवत मात्र वेगळेच हिरवे असते, कंगव्याने विंचरल्यासारखे. गेटवरचा सुरक्षारक्षक आमच्याशी नीट बोलला. "खेळायचंय का दादा? ऑफिसात चौकशी करा, फी भरून खेळता येतं," असे त्याने सांगितले. कोणी अडवले नाही, कोणी जात विचारली नाही. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. मुंबईतल्या जुन्या क्लबांसारखे हे सभासदांपुरते बंद ठिकाण नाही. सार्वजनिक संस्थेने बांधलेले आहे आणि पैसे भरणाऱ्या कोणालाही खेळता येते.

मग आम्ही तिथेच बाहेर उभे राहून हिशेब केला. मैदानाची फी. मग काठ्या, त्या एक-दोन नाही, पिशवीभर. मग बूट, चेंडू. शिकवणाऱ्याचे पैसे. यायला-जायला गाडी, कारण गोल्फची पिशवी घेऊन लोकलच्या दारात कोणी उभे राहत नाही. पार्सल पोचवणारा आमचा मित्र म्हणाला, "हे सगळं सोडा. चार तास कुठून आणायचे? रविवारी चार तासांत माझी तीस पार्सलं होतात." आम्ही हसलो, पण हिशेब त्याचाच बरोबर होता. त्याच्यासाठी तिकीट पैशांचे नाही, वेळेचे आहे, आणि ते तिकीट कुठल्याही ऑफिसात मिळत नाही.

आत काही बायका विळ्याने गवत काढत होत्या. डोक्याला पदर गुंडाळलेला, पाठी वाकलेल्या. आमच्यातली नर्सिंगची मुलगी त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिची आई एका ठेकेदाराकडे दुसऱ्या ठिकाणी बागेचेच काम करते. ती म्हणाली, "माझ्या आईला लॉनवर बसायला कधी मिळालं असेल? ती लॉनवर असते तेव्हा कामावर असते." या एका वाक्यात आमच्या विषयाचा गाभा आहे. आपली माणसे त्या गवतावर नाहीत असे नाही. ती तिथे आहेतच, रोज आहेत, खेळणाऱ्यांच्या आधी येतात आणि नंतर जातात. प्रश्न ती तिथे काय म्हणून आहेत हा आहे.

आता काही जण म्हणतील, गेट उघडे आहे, नियमात भेदभाव नाही, मग तक्रार कशाची? मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. खारघर रायगड जिल्ह्यात येते. महाडही रायगड जिल्ह्यातच, तेव्हाचा कुलाबा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने बांधलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे उघडेच होते! तरीही तीन वर्षे तिथे कोणी पाणी पिऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा ठराव जिवंत झाला. त्याची किंमत लोकांनी त्याच दिवशी मार खाऊन मोजली. आणि कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडावे लागले.

महाडने आपल्याला हे शिकवले, की सार्वजनिक जागा खुली आहे की नाही हे पाटी वाचून ठरत नाही. तिथे प्रत्यक्ष कोण जाते, ते मोजून ठरते. चवदार तळ्याची आणि गोल्फ कोर्सची बरोबरी आम्ही करत नाही. पाण्यावाचून माणूस मरतो, गोल्फवाचून मरत नाही. तिथे सवर्णांची काठी होती, इथे काठी नाही. पण मोजण्याची पद्धत तीच लावायला हरकत नाही.

संविधानाचे कलम १५ आपण सारखे उद्धृत करतो, पण बहुतेक वेळा पहिल्या आणि चौथ्या उपकलमापाशी थांबतो. दुसरे उपकलम नीट वाचा. दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि राज्याच्या पैशाने पूर्णतः किंवा अंशतः राखलेली सार्वजनिक वावराची ठिकाणे यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे ते सांगते. बोले ठरावाची भाषा आणि महाडचा अनुभव इथपर्यंत पोचलेला आहे. करमणुकीची ठिकाणे या शब्दांकडे लक्ष द्या. करमणूक हा नागरिकत्वाचा भाग आहे, हे संविधान लिहिणाऱ्यांना माहीत होते. आता या कलमाने जातीची आडकाठी बेकायदा ठरवली, पैशाची नाही. आणि ज्या देशात पैसा, जमीन आणि मोकळा वेळ शतकानुशतके जातीने वाटून दिला, तिथे पैशाची आडकाठी पुन्हा त्याच माणसांना बाहेर ठेवते. जातीचे नाव न घेता.

खेळात हे कसे घडत आले, त्याचा इतिहास आपल्याच घरात आहे. पळवणकर बाळू हे चांभार समाजातले. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी, हे त्यांचे काम होते. साहेब फलंदाजी करत, बाळूंनी चेंडू टाकायचे. बॅट त्यांच्या हाती कोणी देत नव्हते. त्या नोकरीतून देशातला तेव्हाचा सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचे होते म्हणून बाळू संघात आले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाताळत. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले, तेही मोठ्या वादानंतर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. राजकारणात ते आपल्यासोबत नव्हते, म्हणून त्यांचा मातीच्या भांड्यातला चहा आपला इतिहास नाही असे होत नाही.

गोल्फमध्येही असेच. दक्षिण आफ्रिकेतले पापवा सेवगोलम हे डर्बनचे भारतीय वंशाचे गोल्फर. ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या समाजातले. लहानपणी ते कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी उचलणारे. १९६३ मध्ये त्यांनी गोऱ्यांसोबत खेळून नाताळ ओपन ही स्पर्धा जिंकली. क्लबच्या इमारतीत गोरे नसलेल्यांना प्रवेश नव्हता. गोरे खेळाडू छपराखाली आणि विजेता बाहेर पावसात उभा, अशा अवस्थेत त्यांना करंडक दिला गेला. पुढे वर्णद्वेषी सरकारने त्यांना स्पर्धांतूनच बाहेर काढले. अमेरिकेतही व्यावसायिक गोल्फच्या संघटनेच्या घटनेत फक्त गोऱ्यांनाच सभासदत्व, असे कलम १९६१ पर्यंत होते.

आपल्या देशात अली शेर हे दिल्लीच्या गोल्फ क्लबात कॅडी होते. १९९१ मध्ये ते इंडियन ओपन जिंकले. २००९ मध्ये तीच स्पर्धा जिंकणारे सी. मुनियप्पा हेही बंगळुरूचे कॅडी. २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ दोनदा ती जिंकणारे एस. एस. पी. चौरसिया हे कोलकात्याच्या क्लबातल्या माळ्याचे पुत्र. ही नावे आम्ही कौतुकासाठी सांगत नाही. यातून एक साधी गोष्ट सिद्ध होते. ज्यांना 'गुणवत्ता नाही' म्हणून बाहेर ठेवले, त्यांना खेळ नुसता जवळून पाहायला मिळाला, जुनी काठी हातात मिळाली, तरी ते देशात पहिले आले. गुणवत्ता गवत कापणाऱ्यांकडेही होती. त्यांच्याकडे मैदान नव्हते. आरक्षणाच्या वादात गुणवत्तेचे गाणे गाणाऱ्यांना ही तीन नावे जरूर सांगा.

आता डिस्क गोल्फकडे येऊ.

यात चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती, आपण जिला फ्रिसबी म्हणतो तिची जरा लहान आणि जड बहीण. होलऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात. चकती साखळ्यांना लागली की वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची, चकती जिथे पडेल तिथून पुढची. कमीत कमी फेकींत टोपली गाठणारा पुढे. बस्स, एवढेच. अमेरिकेत एड हेड्रिक नावाच्या माणसाने हा साखळ्यांचा खांब तयार केला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह या सार्वजनिक बागेत पहिला कायमचा कोर्स झाला. आज जगभरात असे हजारो कोर्स आहेत आणि त्यातले बहुतेक सार्वजनिक बागांत आहेत, बरेचसे मोफत. फिनलंड, एस्टोनियासारख्या देशांत छोट्या छोट्या गावांनी शाळेमागच्या झाडीत टोपल्या उभ्या केल्या आहेत. नवशिक्यांसाठीच्या कोर्सवर अंतर कमी ठेवतात, म्हणजे आजी आणि नातू एकत्र खेळू शकतात.

आम्हाला यात रस का वाटला? गोल्फ कोर्सला साधारण शंभर ते दोनशे एकर लागतात, रोज पाणी लागते, गवत लागते. नवशिक्यांच्या नऊ टोपल्यांचा कोर्स काही एकरांत बसतो. त्याला विंचरलेले गवत लागत नाही. झाड तोडावे लागत नाही, उलट झाड हाच अडथळा, तोच खेळ. ओढा असला तर आणखी चांगले. हे महत्त्वाचे आहे, कारण याच नवी मुंबईत सीवूडच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि इमारती उभारण्याची योजना होती. नागरिक कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खाडी, पाखरे आणि कोळ्यांची मासळी यांच्या जागेवर गोल्फ हवा, असे ज्या शहरात कोणाला तरी वाटते, तिथे झाड न तोडता होणारा खेळ ही छोटी गोष्ट नाही.

आम्ही वर्गणी काढून चार चकत्या मागवल्या. काही शे रुपयांत एक. टोपल्या विकत घेणे परवडणारे नव्हते. भंगारवाल्याकडून सायकलींचे जुने टायर आणले, सुतळीने झाडांना बांधले, कुठे पत्र्याचा डबा, कुठे विटांवर ठेवलेली प्लास्टिकची बादली. नऊ जागा. पांढऱ्या रंगाने क्रमांक घातले. पहिल्या दिवशी एकाचीही चकती सरळ गेली नाही. नवशिक्यांना एक सूचना करतो: जोर लावू नका. चकती जमिनीला समांतर धरा, मनगटाला झटका द्या, सोडताना ती गरगर फिरली पाहिजे. लांब जाणाऱ्या धारदार चकत्या सुरुवातीला घेऊ नका. जाड कडेची घ्या, जिला पटर म्हणतात. ती हळू जाते पण सांगितलेले ऐकते.

आमच्या गटातल्या तिघी मुलींपैकी दोघी सातवीनंतर कधी मैदानावर उतरल्याच नव्हत्या. मैदान म्हणजे पोरांचे क्रिकेट आणि मुलींनी कडेने जायचे, हा अलिखित नियम वस्तीतही असतो आणि टॉवरमध्येही असतो. आपल्या वस्तीतला म्हणून तो कमी पुरुषी होत नाही. या खेळात ताकदीपेक्षा नेम चालतो. तिसऱ्या रविवारी आम्हा सगळ्यांत कमी फेकी नर्सिंगच्या मुलीच्या झाल्या. तिची आई एका संध्याकाळी कामावरून परस्पर आली, पिशवी खाली ठेवली, दोन चकत्या टाकल्या, तिसरी बादलीत गेली. "हे बरंय, धावावं लागत नाही," असे म्हणून ती गवतावर बसली. बराच वेळ बसून राहिली.

चौथ्या रविवारी शेजारच्या सोसायटीतले काही गृहस्थ आले. मैदान सार्वजनिक, तशी पाटीही आहे. मैदानाचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. पहिला प्रश्न आला, "कुठून आलात?" आम्ही सेक्टर सांगितला. "सेक्टरमधून की पलीकडून?" पलीकडे म्हणजे वस्ती. मग, "आडनाव काय?" मग, "परवानगी आहे का? टायरमुळे झाडांना इजा होते." सुतळी बांधल्याने झाडाला काय होते, ते त्यांच्या दिवाळीच्या रोषणाईच्या खिळ्यांना विचारले पाहिजे, असे आमच्या एमपीएससीवाल्याला म्हणायचे होते. त्याने तसे म्हटले नाही. तो म्हणाला, "काका, पाटीवर सार्वजनिक लिहिलंय. तुम्हीही खेळा. ही घ्या." त्यांनी चकती घेतली नाही. त्यांच्यासोबत आलेल्या एका लहान मुलाने घेतली, दोन फेकी टाकल्या आणि त्याला हाक मारून परत बोलावण्यात आले.

पुढच्या रविवारी मैदानाला कुलूप होते. आम्ही संबंधित कार्यालयात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर अजून आलेले नाही. कुलूप कधी असते, कधी नसते. नसते तेव्हा आम्ही खेळतो. तारीखवार नोंद ठेवतो, फोटो काढतो आणि माहिती अधिकाराचा अर्ज तयार करतो आहोत: मैदानाची वेळ कोणी ठरवली, किल्ली कोणाकडे आहे, देखभालीचा पैसा कोणाचा. खेळता खेळता आम्हाला मैदानाचा सातबारा शोधायची सवय लागली, ही या खेळाची कमाई समजा.

आता पहिल्या प्रतिक्रियेकडे येतो. अत्याचार थांबलेले नाहीत आणि तुम्ही चकत्या फेकता? होय, फेकतो. कारण ज्याने "कुठून आलात, आडनाव काय" विचारले, तो अत्याचार करणारा नाही, सुशिक्षित सभ्य माणूस आहे. पण त्याचा प्रश्न आणि गावातल्या पाटलाचा प्रश्न एकच आहे. या जागेवर तू कोण म्हणून उभा आहेस? कामाला आला असशील तर ये. मजेसाठी आला असशील तर परवानगी दाखव. नव्या कपड्यांवरून, मिशीवरून, लग्नाच्या वरातीतल्या घोड्यावरून आपल्या पोरांना मार पडतो, तेव्हा त्यांचा गुन्हा काय असतो? ते आनंदात दिसतात एवढाच. आपले कष्ट या व्यवस्थेला हवेच आहेत, तिला खुपते ती आपली मोकळीक. म्हणून मोकळ्या वेळेचा आणि मोकळ्या जागेचा हक्क हा चैनीचा विषय नाही, तो आपल्या माणूसपणाच्या लढाईतला विषय आहे.

काही सहकारी आणखी एक आक्षेप घेतात: परदेशी खेळ कशाला, कबड्डी खेळा. कबड्डी जरूर खेळा. पण खेळ देशी की परदेशी, यापेक्षा आम्ही तीन प्रश्न विचारतो. त्याला किती जमीन लागते? किती पैसा लागतो? आणि कोणाला बाहेर ठेवावे लागते? या तीन प्रश्नांत जो खेळ पास होतो, तो आमचा. उद्या कोणी डिस्क गोल्फचाही क्लब काढला, कुंपण घातले, पाच आकडी फी ठेवली, तर तो आमचा राहणार नाही.

मग मागणी काय? आमची मागणी गोल्फ कोर्स बंद करा अशी नाही. सार्वजनिक जमिनीवर, सार्वजनिक संस्थेने बांधलेल्या प्रत्येक क्रीडासंकुलाने आपल्या हिशेबात हे सांगावे, की आठवड्यात किती तास महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना मोफत दिले जातात. खारघरच्या अडीचशे एकरांच्या कडेकडेने नऊ टोपल्या उभ्या करायला किती जागा लागेल? ज्यांच्या शेतावर हे शहर उभे आहे त्या गावांतली आणि ज्यांनी दगड फोडले त्या वस्त्यांतली मुले आठवड्यातून एक सकाळ तिथे शिकायला आली, तर कोणाचे काय कमी होईल? तिथे राबणाऱ्या माणसांच्या मुलांना पहिली संधी द्या, कारण अली शेर आणि मुनियप्पा कुठून आले, ते आता सगळ्यांना माहीत आहे. आणि वस्तीच्या विकासाच्या प्रत्येक योजनेत, संडास आणि नळाच्या शेजारी, मैदान हा शब्द लिहा.

तोपर्यंत वाट पाहत बसायचे नाही. तुमच्या भागातली सार्वजनिक मैदाने, उद्याने आणि क्रीडासंकुले यांची यादी करा. कुठे कुलूप आहे, किल्ली कोणाकडे आहे, फी किती आहे, मुली येतात का, हे लिहून काढा. विहारात, वाचनालयात ती यादी लावा. आणि एका रविवारी चार चकत्या, नऊ टायर घेऊन मैदानावर जा. परवानगी विचारली तर पाटी दाखवा. आडनाव विचारले तर स्पष्ट, मोठ्याने सांगा. मग विचारणाऱ्याच्या हातात चकती द्या आणि म्हणा, तुमचीही पाळी आहे.

जयभीम.